मोहाखालचं सारवण

नव्वदच्या दशकात मी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या एका पथकाची जीप चालवायचो. आरमोरीच्या पुढे जंगलातल्या एका गावाशेजारी खनिज शोधायला बोअर मारले होते. आतून निघालेला गाळ एका मोहाच्या झाडाखाली पडला आणि तिथे मीटर जरा जास्तच बोलायला लागलं. नियम असा, की अशा जागेला तारेचं कुंपण घालायचं, गाळ उचलायचा, नवी माती टाकायची आणि मोजणी आजूबाजूच्या रानाइतकी उतरेपर्यंत कुणाला आत जाऊ द्यायचं नाही. नियम चांगलाच होता. पण ते झाड एका बाईचं होतं. त्या गावात घराघराचे मोह ठरलेले. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. गेला हंगाम तिने कुंपणाबाहेर उभं राहून काढला होता. आता पुन्हा फुलं गळायला लागली होती.

शेवटच्या मोजणीला आम्ही पोचलो आणि मोजणी करणाऱ्या आमच्या साहेबांनी कपाळावर हात मारला. कुंपणाच्या आत सगळी जागा शेणाने लख्ख सारवलेली!

"बाई, हे काऊन केलं?" मी ओरडलोच. माझा पारा चढायला वेळ लागत नाही.

"सायेब येऊन राह्यले ना," ती म्हणाली. "पाहुण्याले का तसंच बसवाचं?"

जी माती मोजायची तीच शेणाखाली गेलेली. साहेब म्हणाले, पंधरवड्याने येऊ. तोवर फुलं संपली असती. मला राहवेना. म्हटलं, "साहेब, मी खरवडतो की!" साहेब कुरकुरले, पण थांबले. दुपारपर्यंत मी खुरप्याने सगळी जागा खरवडली. साहेबांनी कोपरान्‌कोपरा मोजला. मीटर बाहेरच्या रानाइतकंच. त्यांनी सही केली, मी तार सोडली.

बाई टोपली घेऊन आत आली, पण फुलाला हात लावेना.

"आता काय झालं?"

"हे फुलं माहे लेकरं खाते, भाऊ. मशीनचं मले समजत नाई. सायेब इथी बसले, तं मी उचलीन."

आणि तिने बादलीतलं उरलेलं शेण घेऊन साहेबांपुरती जागा पुन्हा सारवली.

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पॅन्टकडे. मग गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट काढले आणि त्या ओल्या सारवणावर मांडी घालून बसले. बाईने पहिलं फूल उचलून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते तोंडात टाकलं. ती हसली आणि खाली वाकून वेचायला लागली.

संध्याकाळी जीपची सीट धुताना मी साहेबांच्या नावाने बोटं मोडली, पण मनातून फार खूश होतो.