पावलांचं माप

"तुझा हात लागला आणि वाटोळं झालं!"

मॅनेजर मॅडम स्टेडियमच्या बोगद्यात ओरडल्या. परदेशातलं स्टेडियम, आजूबाजूला दुसऱ्या देशांच्या पोरी. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण बोट कुणाकडे आहे ते दिसत होतं. त्या दिवशी मी बॅटनला हातसुद्धा लावला नव्हता. राखीव होते, वर खुर्चीत बसलेली.

तरी मी मान खाली घातली. कारण मला माहीत होतं.

महिलांची चार बाय शंभर रिले. आशियातले सगळे संघ. आदल्या दिवशी तिसऱ्या टप्प्यात मी पळाले आणि आम्ही अंतिम फेरीत गेलो. संध्याकाळी समजलं, आता माझ्या जागी रेवा. तिचे वडील संघटनेत मोठे पदाधिकारी. "तिला अनुभव मिळू दे. तू समजूतदार आहेस," मॅडम म्हणाल्या. समजूतदार! पाठीशी कुणी नसलेल्या आमच्यासारख्यांसाठी हा शब्द निघाला की समजायचं, आपलं काहीतरी गेलं.

रिलेत बॅटन घेणारी पोरगी आधी टाचेला बोटं लावत मागं पावलं मोजते आणि तिथं चिकटपट्टी लावते. मागची पोरगी त्या पट्टीवर आली की हिनं सुटायचं. जिची पट्टी तिच्याच पावलानं. पण शिबिरात, मॅडमच्या डोळ्यांदेखत, रेवाची पट्टीही मीच लावायची. ती सावलीत पाय ताणत बसायची. "तू मोज ना गं, प्लीज." तिची बॅग मी उचलायची, बाटली मी भरायची. कधी नाही म्हटलं नाही. वाटायचं, गोड राहिलं तर संघात राहू. काय हा लाचारपणा!

अंतिमच्या दिवशी राखीव पोरीला ट्रॅकवर जाता येत नाही. निघताना रेवानं विचारलं, "किती पावलं असतात गं माझी?"

मी आकडा सांगितला. आकडा बरोबर होता, पण तो माझ्या पावलांचा. माझा पाय लांब, आईवर गेलेला. तिचा लहान. ती वळली आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी नाही मारली. का नाही मारली, हे मी रोज स्वतःला विचारते आणि रोज तेच उत्तर येतं. मला तिची फजिती बघायची होती.

तिच्या लहान पावलांनी पट्टी फार जवळ लागली. रेवा उशिरा सुटली, मागची पोरगी तिच्या अंगावर आदळली, बॅटन खाली. मागची पोरगी ट्रॅकवर गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडली. तिनं माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही.

परत आल्यावर मॅडमचा फोन. पिंपरीत संघाचा कार्यक्रम होता. "स्टेजवर सरांच्या, रेवाच्या वडिलांच्या पाया पड, माफी माग. मग पुढच्या शिबिराचं मी बघते."

आई चाकणच्या कंपनीतून शिफ्ट करून आली होती. आठ तास उभं राहून पाय सुजलेले. तिला सगळं सांगितलं, न मारलेल्या हाकेचंही. तिनं पाय गरम पाण्यात सोडले. मग म्हणाली, "लई वाईट केलंस. त्या पोरींना तोंडावर सांग. पण पाया पडणं तुझ्या आजोबांनी आपल्या घरात बंद केलंय. तू चालू करायचं नाही."

कार्यक्रमात माइक हातात आला. रेवाकडे आणि त्या मागच्या पोरीकडे बघून बोलले, "माप माझ्या पायाचं होतं. मला आठवलं, तरी मी सांगितलं नाही. चुकले." पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. रेवानं नजर चोरली.

मॅडमनी माझा दंड धरला. "वाक."

सर पाय पुढं करून उभे. बुटासकट.

"नाही," म्हटलं. माइक चालू होता.

शिबिरातून माझं नाव गेलं. त्या रडणाऱ्या पोरीचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही, आणि हलूही नये. तो मी कुणाच्या बुटावर पुसून टाकणार नाही.

पुढची निवड चाचणी खुली आहे. मी जाणार. लेनमध्ये उभी राहणार. मला काढायचं असेल तर कारण सांगा, आणि सगळ्यांदेखत काढा.