दोन चिठ्ठ्यांची बरणी

पवनारात बसून समुद्राचं काय काम करतेस, असं अर्ध्या गावानं मला विचारून झालंय. मी सरळ सांगते, उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या, खोल पाण्यातल्या माशांच्या नोंदी करते. विचारणारा गप्प होतो. मला ते फार आवडतं.

परदेशातल्या एका संग्रहालयात हे मासे स्पिरिटच्या बरण्यांत ठेवलेत. स्नेलफिश म्हणतात त्यांना. खवले नाहीत, अंग खरवसासारखं लिबलिबीत. बरण्यांचे फोटो येतात; आतली चिठ्ठी वाचून मासा कुठला, कुठे आणि किती खोल सापडला ते मी कॉम्प्युटरवर भरते. आई चिडवायची, एवढं शिकून मेलेल्या मासोळ्या पाहून राह्यली. मी म्हणायची, पगार तर जिवंत येतो ना!

इतर माशांना चिठ्ठी दोऱ्यानं बांधतात. याला बांधायला गेलं तर अंगच फाटतं, म्हणून चिठ्ठी बरणीत नुसती सोडून देतात. एका फोटोत मासा एक आणि चिठ्ठ्या दोन दिसल्या. जाती वेगळ्या, समुद्रही वेगळे. मी ठिकाणाचा रकाना रिकामा ठेवला. मला हे काम देणाऱ्या नागपूरच्या सरांचा फोन आला, समोर दिसते ती चिठ्ठी भरून टाका, रिकामं चालत नाही. मी नाही भरलं. मग म्हणाले, असं असेल तर तुम्ही दुसरं काम बघा. असलं दुसरं काम मिळायचं तर पुण्यातच. आणि पुणं म्हणजे आई इथे एकटी, कारण बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

डोकं सणकलं माझं. शेजारच्या नंबरच्या बरणीत मासा होता आणि चिठ्ठीच नव्हती, हे मी कालच पाहिलं होतं. स्पिरिट बदलताना दोन्ही मासे बाहेर काढले असणार आणि चिठ्ठी भलत्याच बरणीत गेली असणार. मी थेट संग्रहालयाला मेल टाकला, दोन्ही बरण्या उघडून बघा. आईलाही सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

उत्तर लवकर येईना, सर फोन उचलेनात. खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. माझ्या नोंदीबद्दल नाही, आईबद्दल.

शेवटी उत्तर आलं. तिथल्या बाईंनी बरण्या उघडून दोन्ही मासे तपासले होते, आणि ज्याची चिठ्ठी त्याला मिळाली होती. सरांनी त्याच दुपारी पुढच्या बरण्यांचे फोटो पाठवले, म्हणजे काम माझ्याकडेच राहिलं. मी आईला हाक मारून सांगितलं.

"मंग तुले पुण्याले नाई जा लागत?" आईनं विचारलं.

मी नाही म्हटलं. ती आत गेली आणि फडक्यात बांधलेली लोणच्याची बरणी घेऊन आली. मला पुण्याला न्यायला केव्हाची बांधून ठेवली होती, मला पत्ताच नव्हता. ती गाठ सोडायला बसली, पण इतकी घट्ट मारली होती की तिला सुटेना. शेवटी मीच सोडली.