सर्टिफिकेटचा खिळा

देवपूरच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाई विशीतल्या पेशंटलाही ‘भाऊ’च म्हणतात. दुपारी मोबाईल पाण्याच्या जगला टेकवून त्या ऑनलाइन ट्रेनिंग करायच्या. शेवटी पास होण्यासाठी पेशंटशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. पाचोऱ्याचा एक पेशंट आपणहून तयार झाला. बाईंनी त्याला नको म्हटलं.

“अहो, तो स्वतः हो म्हणतोय,” मी म्हणालो.

“खरं शे, भाऊ. पण दारू सुटतेय माझ्यामुळे, असं त्याला वाटतं. आज तो मला कशालाच ‘नाही’ म्हणू शकत नाही. अशा माणसाचा होकार घ्यायचा नसतो.”

कुणाचंच रेकॉर्डिंग गेलं नाही आणि सर्टिफिकेट अडलं. त्यासाठी मी हौसेने भिंतीत ठोकलेला खिळा तसाच आहे. केंद्रात येणाऱ्यांना मी तो रिकामा खिळा मुद्दाम दाखवतो.