घर सोडण्याची तालीम

माझा नवरा घर सोडून निघाला, तेव्हा मी त्याला म्हणाले, "अहो, जरा सावकाश सोडा आणि चेहरा डावीकडं ठेवा."

मी पहाटे कादंबरी लिहिते आणि दुपारी पटकथा. कादंबरीतली नायिका पानंच्या पानं विचार करते. त्या सवयीनं पटकथेतलीही करायला लागली. दिग्दर्शक फोनवर म्हणाला, "मॅडम, विचार दिसत नाहीत. माणसं काहीतरी करताना दाखवा. रविवारी अकराला व्हिडिओ कॉलवर ऐकवा, नाहीतर राहू द्या." (सिनेमावाल्यांचं 'राहू द्या' म्हणजे कायमचं!) माझी पहिलीच पटकथा. राहू कशी देणार?

म्हणून रविवारी सकाळी, नायक घर सोडतो ते पहिलं दृश्य करून बघायला, मोठी बॅग देऊन नवऱ्याला फाटकात उभं केलं.

"आता वळून बघा."

"किती वेळा? भाजी आणायचीय मला."

"एकदाच. पण आयुष्यभराचं बघा!"

त्यानं इतकं मनापासून बघितलं, की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शबानाआपा धावत खाली आल्या. "भाईसाब, सबेरे-सबेरे किधर कू?"

नवरा (एकदा काम घेतलं की अर्धवट सोडत नाही) माझाच संवाद म्हणाला, "या घरात आता माझं काही उरलं नाही."

झालं! आपांनी बॅग हिसकावली. तालीम आहे, हे त्यांना पटवेपर्यंत मला घाम फुटला. सासूबाईंनी मात्र आतूनच लासूर स्टेशन गावी राहणाऱ्या थोरल्या दिरांना फोन लावला होता. हे मला कळलं बरोबर अकराला. कॉल जोडला, मी "दृश्य पहिलं" म्हणाले आणि दार धाडकन उघडलं.

"घर सोडतुस व्हय रं? या वयात?" दीर गरजले.

"दादा, तालीम होती ती!" नवरा म्हणाला.

"घर सोडायची तालीम करतुस?" मग त्यांना लॅपटॉपवरचा चेहरा दिसला. "आन् हे कोन? एवढ्यात वकीलबी गाठला?"

"वकील नाहीत हो, दिग्दर्शक आहेत," मी म्हणाले.

"मी सांगते," सासूबाई बाहेर आल्या. "हिचं सगळं चांगलंय, पण दोन-दोन गोष्टी लिहिती. एक धड लिही म्हनलं तर ऐकत नाय!"

तेवढ्यात आपा वाटीभर शाही तुकडा घेऊन आल्या. "मीठा खाओ पहले. झगडा बाद में करते बैठो."

मी लॅपटॉप मिटायला झेपावले. आतून दिग्दर्शक ओरडला, "बंद करू नका! त्या मंडळींकडं वळवा!"

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, आधीचं सगळं टाका. हेच लिहून पाठवा."

पाठवलं. त्याला फार आवडलं! पुढच्या महिन्यात मुंबईला बोलावलंय. एकच बदल सुचवलाय: दीर, आपा, सासू झकास, नवराही चालेल, फक्त ती लेखिका रटाळ आहे, तिला काढा.

काढली. तिला आता कादंबरीत ठेवलंय. तिथून तिला कुणी हलवणार नाही, कारण तिथं अजून वाचायलाच कुणी आलेलं नाही!