कोकिळाबाईचा हात पावतीवर होता

वॉकीटॉकीचं बटण दाबताना शेजारी कोण बसलंय, हे तुम्ही कधी पाहता का?

नाही पाहत. मीही पाहत नव्हते. पंधरा वर्षं दिव्यांगांचे मोर्चे काढते, कायदा स्वतः वाचून शिकले, पण हे मला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो गप्प बसला. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते अजून गप्प आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

कोकिळाबाई वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावाजवळच्या खेड्यातली. बाविसाव्या वर्षी ट्रॉलीवर चढून कापूस तुडवत होती, ढिगावरून मागं कोसळली. कमरेखालचं गेलं, डावा खांदा कायमचा आखडला. राहिला उजवा हात. त्या एका हातावर तिनं बारावी बाहेरून दिली, कॉम्प्युटर शिकली आणि हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, वजनकाट्यावर लागली. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन वाचायचं, पावती करून द्यायची. बाकीचे आकडा पुटपुटतात. ही गाडीवाल्याकडं पाहून मोठ्यानं वाचायची. "बत्तीस क्विंटल चाळीस किलो, काका. आयकलं ना?" शेतकरी तिची ड्यूटी पाहून गाडी लावायचे. ऐकीव सांगत नाही, माझा सख्खा भाऊ लावायचा.

तिला कामावर घेतलं बबनरावांनी. काट्याचे सुपरवायझर, पन्नाशी ओलांडलेले, बोलायला गोड. अकरा वर्षं ती त्यांना राखी बांधत होती. सुरुवातीला तिच्याकडं साधी चाकांची खुर्ची होती. ती एका हातानं ढकलली की जागच्या जागी गोल फिरते, त्यामुळं कोणीतरी मागं लागायचंच. "मी काय दळणाचा डबा आहे का, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवाले?" म्हणायची. तीन वर्षांपूर्वी एका संस्थेकडून मोटारवाली खुर्ची मिळाली. उजव्या हाताशी छोटी दांडी. ढकलली की चालते, सोडली की थांबते. त्या दिवशी तिनं जिनिंगच्या आवाराला सात चकरा मारल्या. आठव्या चकरेला बॅटरी संपली आणि सगळ्यांनी हसत हसत ढकलत आणली.

गेल्या हंगामात मालकानं आवारासाठी वॉकीटॉकी आणल्या. एक बबनरावांनी कोकिळाबाईच्या हातात ठेवली. "घे, आता तू साहेबीण झाली." तिनं ती खुर्चीच्या हातावर, दांडीच्या शेजारीच क्लिपनं अडकवली आणि फोटो काढून मला पाठवला. छान वाटलं होतं मला.

आठवडाभरात तिनं बबनरावांना सांगितलं, "भाऊ, हे बोलाचं मशीन दाबलं की खुर्ची हालून राह्यली."

"तुया हात लागला असन."

मला फोन केला. मीही तेच म्हटलं, हात लागला असेल. त्याची मला लाज आहे आणि ती मी लपवणार नाही.

मग जानेवारीतला तो मंगळवार. काट्यासमोर एकोणीस गाड्यांची रांग. केबिनच्या दारात कोकिळाबाई, समोर बबनराव, तिच्या खुर्चीला टेकून गेटवरचा गार्ड रजत. पावतीवर बबनरावांची सही लागते, म्हणून तिनं पावती पुढं केली. एक टोक तिच्या हातात, दुसरं बबनरावांच्या. तेवढ्यात रजतनं आत कापूस उतरवणाऱ्यांना विचारायला आपल्या वॉकीटॉकीचं बटण दाबलं, "पुढची गाडी सोडू का?" आणि खुर्ची सुटली. पावती मधून फाटली. खुर्ची उतारावरून खाली गेली आणि उभ्या ट्रॉलीच्या लोखंडी दांड्यावर आदळली. मांडीचं हाड मोडलं. तिला तिथं काही जाणवत नाही, म्हणून ती ओरडली नाही. आणि ती ओरडली नाही, म्हणून लोकांनी ते फार मोठं मानलं नाही.

दवाखान्यात असतानाच जिनिंगचं पत्र आलं. 'सदर महिला कर्मचाऱ्याच्या हाताचा दांडीवर अनवधानाने दाब पडल्याने अपघात घडला. त्यांचे वाहन इतरांस धोकादायक असल्याने त्यांनी पुढील सूचनेपर्यंत कामावर येऊ नये.' खाली साक्षीदार म्हणून सही बबनरावांची.

एकच हात चालणारी बाई. तो हात पावतीवर होता, आणि हे सगळ्यात जवळून ज्या माणसानं पाहिलं त्याचीच सही.

मी खुर्ची बसवून देणाऱ्या मेकॅनिकला शोधलं. नागपूरचा निशांत. त्यानं सरळ सांगितलं, "ताई, वॉकीटॉकीच्या लहरी जवळून जोरात लागतात. कधीकधी खुर्चीच्या कंट्रोलरला वाटतं दांडीच ढकलली. वापराच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, चालू खुर्चीजवळ ती वापरू नका. हंगामाच्या सुरुवातीला सर्व्हिसिंगला आलो तेव्हा गेटवर नवीन वॉकीटॉकी पाहिली, म्हणून ते पान बबनरावांना वाचून दाखवलं. कोकिळाताई गाडी मोजत होत्या. ते म्हणाले, मी सांगतो तिला."

साहेबीण त्यानंतर केली तिला. त्यानंतर.

प्लास्टर निघालं तशी कोकिळाबाई म्हणाली, मले जिनिंगमध्ये न्या. साध्या खुर्चीत बसवून मीच ढकलत नेलं. गेटवर रजत खाली पाहत उभा. केबिनमध्ये बबनराव कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसले होते.

"भाऊ, पावतीचं दुसरं टोक कोनाच्या हातात होतं?"

"कोकिळे, पानी घेते का?"

"नाई. कोनाच्या हातात होतं?"

"मालकानं लिहून आणलं, मी सही केली."

"वाचलं नाई?"

"वाचलं." मग आवाज मऊ करून म्हणाले, "मशीनमुळं झालं असं लिहिलं तर मशीन देनारा मी. माई नोकरी जाते. तुया सख्खा भाऊ, आदेश, कमावते, तुले घरी काय कमी आहे?"

माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून मी त्यांना जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. कोकिळाबाई शांतपणे म्हणाली, "मीराताई, तुमी जरा बाहेर थांबा. हे माह्यं भांडन आहे." मी दारात गेले. आतून तिचा आवाज आला. "मी घास मागाले नाई आली, भाऊ. माह्या काट्यावर माह्या हातून चूक झाली, असं काऊन लिहिलं? अकरा वर्षं एक वजन चुकलं नाई माह्यं."

बबनराव म्हणाले, सिद्ध करून दाखव.

तर आम्ही तेही केलं. तिच्या अंगणात खुर्ची विटांवर उचलून ठेवली, चाकं अधांतरी. निशांतनं वॉकीटॉकी आणली. बबनराव आले, चहाही घेतला. बटण दाबलं, काही नाही. चारदा दाबलं, चाक ढिम्म. बबनरावांनी चपला घातल्या. "झालं का समाधान?" म्हणाले आणि गेले. सातव्यांदा दाबलं आणि चाक गर्रकन फिरलं. पाहायला आम्ही तिघंच. निशांत म्हणाला, हे असंच असतं. अंतर बदललं, कोन बदलला, आसपास लोखंड असलं की फरक पडतो. नऊदा काही होत नाही, दहाव्यांदा खुर्ची पळते. म्हणून तर आधीच सांगायचं असतं.

कोकिळाबाई चाक थांबेपर्यंत पाहत राहिली. "चाकाचं काई नाई हो," ती म्हणाली. "मशीन आहे, कधी फिरन, कधी नाई. मानसानं पलटावं का?"

पुढच्या महिन्यात वर्ध्याला, तिनं जिनिंगविरुद्ध केलेल्या तक्रारीची सुनावणी आहे. तिला तिची काट्यावरची जागा परत हवी, आणि हात दांडीवर होता हे वाक्य कागदावरून जायला हवं. निशांत येऊन सांगणार आहे. रजत म्हणतो, लहान लेकरं आहेत ताई, मला नका ओढू. माझा भाऊ त्या दिवशी रांगेत तिसरा होता. तो म्हणतो, पुढच्या वर्षी कापूस तिथंच न्यायचा आहे. त्याच्याशी मी बोलणं बंद केलं आहे, पण त्यानं साक्षीदार वाढत नाही.

एकोणीस गाड्या होत्या. गाडीवाले सेलूकडचे होते, समुद्रपूरकडचे होते, हिंगणघाटचे तर होतेच. हे वाचणाऱ्यांत त्यातलं एखादं माणूस नक्की असेल. तुमच्याकडून भाषण नको, मोर्चाला येणं नको, मालकाला शिव्या देणं तर अजिबात नको, ते माझ्याकडं लागलं. तुम्ही फक्त एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा, खुर्ची सुटली तेव्हा कोकिळाबाईचा हात तुम्हाला कुठं दिसला. खाली नाव, गाव, सही. आणि सुनावणीच्या आधी तो कागद तिच्या घरी नेऊन तिच्या हातात द्या.