कप्तानीणबाईंचं पुसान

मासा आणि भाडेकरू, दोन्ही डोळ्यांत बघून घ्यायचे, हा कप्तानीणबाईंचा नियम होता. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या त्यांच्या घराची वरची मागची खोली बघायला मी गेले, तेव्हा त्यांनी माझं ऑफर लेटर बाजूला सारलं, चष्मा चढवला आणि चांगलं मिनिटभर माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"ताजी आहेस. कुठली?"

"नागपूरची."

"अगो बाई! म्हणजे समुद्रच नाही?"

त्यांच्या आवाजात इतकी कणव होती, की त्या शनिवारीच मी बॅगा घेऊन राहायला आले.

कप्तानीण हे नाव स्लाऊच्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. त्यांचे यजमान कप्तान कधीच नव्हते. मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते आणि पुढे समुद्र सोडून इथल्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करायला आले. कुणी चूक दाखवायला गेलं तर बाई म्हणत, "जहाज कोण चालवतं? इंजिन की टोपी?" त्या स्वतः मूळच्या वेंगुर्ल्याच्या. विमानात जाणारं जेवण जिथे बनतं, अशा एका किचनमध्ये त्यांनी बावीस वर्षं भाज्या आणि मासे कापले होते. त्या कांदा चिरायला लागल्या की वरच्या खोलीत मला वाटे, खाली कुणीतरी भराभर टाइप करतंय.

पण या हाताला चाळीस वर्षं एक काटा बोचत होता. यजमानांचं जहाज एकदा दुरुस्तीसाठी कोरियातल्या पुसान बंदरात तीन आठवडे अडकलं होतं. नकाशात हल्ली बुसान लिहितात. बाईंना ते मान्य नव्हतं. तिथून परत आल्यापासून, बाई मासे साफ करायला बसल्या की ते म्हणत, "हात चांगलाच आहे तुझा. पण पुसानच्या बाजारातली ती बाई..." आणि पुढे काही न बोलता नुसते डोळे मिटत. "काय ती बाई? बोला की पुढे!" असं बाईंनी किती वेळा विचारलं असेल. ते वाक्य पुरं न करताच यजमान गेले.

मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी बाईंचा गुडघा बदलला. तो नीट चालायला लागला तशा एका रविवारी त्या म्हणाल्या, "मला पुसानला जायचंय. चार दिवस. तूही चल. प्लॅन काढ."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. प्लॅन म्हटलं की माझ्या हातून एक्सेलच उघडतं. डोंगरउतारावरची रंगीत घरांची वस्ती, समुद्राच्या खडकांवरचं देऊळ, उंच टॉवर, प्रसिद्ध किनारा. खाण्याच्या रकान्यात फिशकेक, मिल्म्यॉन नावाच्या थंड शेवया, बिया भरलेली गोड पोळी. बाईंनी प्रिंटआउट मागितला आणि पेन्सिल घेऊन बसल्या.

"हा टॉवर कशाला?"

"वरून समुद्र दिसतो, काकू."

"खालून दिसत नाही? खोड. आणि ह्या शेवया?"

"बर्फ घालून देतात."

"बर्फातल्या शेवया खायला मी चौदा तास विमानात बसू? खोड. पोळी राहू दे."

असं करत करत चारही सकाळींच्या रकान्यात एकच नोंद उरली: जगालची, मासळी बाजार. बाईंच्या ब्रिटिश पासपोर्टला व्हिसा लागणार नव्हता, माझ्या भारतीय पासपोर्टला लागणार होता. फॉर्मवर प्रवासाचं कारण मी 'पर्यटन' लिहिलं. खांद्यावरून बघत बाई म्हणाल्या, "खोटं कशाला लिहितेस? तपासणी लिही."

बाईंचा मुलगा एडिनबरात डॉक्टर. त्याचा फोन नेहमी स्पीकरवर आणि नेहमी इंग्रजीत. "मम, ॲब्सोल्यूटली नॉट," तो म्हणाला. वय बहात्तर, गुडघा नवा, तिथली भाषा येत नाही. "इंग्लंडात आले तेव्हा तरी कुठे येत होती?" असं विचारून बाईंनी फोन ठेवला. आठवडाभर दोघं बोलली नाहीत. शेवटी त्याने एक अट घातली, एअरपोर्टवर व्हीलचेअर घ्यायची. बाईंनी ती पाळली. हीथ्रोवर सिक्युरिटीची लांबलचक रांग ओलांडेपर्यंत त्या राणीसारख्या बसून राहिल्या. परफ्यूमची दुकानं दिसताच टुणकन उठल्या आणि खुर्ची ढकलणाऱ्या सरदारजींना म्हणाल्या, "अब आप बैठो थोडा. थक गये होंगे."

जगालचीत पहिल्याच सकाळी बाईंची चाल बदलली. ओली फरशी, टपांत वळवळणारे जीव, रबरी एप्रन घातलेल्या बायकांचा आरडाओरडा. मी नागपूरकर जपून पावलं टाकत होते आणि त्या माहेरी आल्यासारख्या पुढे निघाल्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वीची बाई सापडणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या फक्त हात बघत होत्या. एका गाळ्यापुढे थांबल्या. त्यांच्याच वयाची एक ठेंगणी बाई गुलाबी हातमोजे घालून बांगडे कापत होती. पाठीवरून सुरीचा एकच फटका, आणि बांगडा पुस्तकासारखा उघडायचा.

बाईंनी सलग तीन बांगडे पाहिले. मग हात पुढे करून सुरी मागितली.

ती बाई हसली. तिने शेजारणींना हाका मारल्या, एक जादा एप्रन काढला आणि आमच्या बाईंच्या पाठीमागे स्वतः गाठ मारली. बाईंनी वेंगुर्ल्याच्या पद्धतीने, पोटाकडून बांगडा कापला. सुरेखच कापला. त्या बाईने तो उचलला, काट्यावरून बोट फिरवलं आणि काहीतरी बोलली. शेजारणी खिदळल्या. मी भाषांतराचं ॲप उघडून फोन पुढे धरला. स्क्रीनवर आलं: 'हाडाला बरंच मांस राहिलं.'

"काय म्हणते गो?"

"म्हणते, छान कापलाय."

"खोटं बोलू नकोस. मासेवालीचं तोंड कुठल्याही भाषेत कळतं."

बाजाराच्याच वरच्या मजल्यावर आम्ही जेवायला बसलो. भाजलेला बांगडा समोर आला, तरी बाईंनी त्याला हात लावला नाही. एवढ्या लांब आणून आपण यांचा अपमान करवला, असं वाटायला लागलं. मग त्यांनी चॉपस्टिक बाजूला ठेवून बोटांनीच एक तुकडा मोडला.

"हे खरं बोलत होते गो. आणि मी काय करायची, सांगू? त्यांनी त्या बाईचं नाव काढलं, की त्या दिवशी त्यांना शेपटीचा तुकडा वाढायची. चाळीस वर्षं बिचाऱ्याने शेपट्या खाल्ल्या." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते पुसायचं तर हात माशाचे. मी टिश्यूने त्यांचे डोळे टिपले. पलीकडच्या टेबलावरच्या कुटुंबाने काळजीने आमच्याकडे पाण्याचा जग सरकवला.

उरलेला प्लॅन असा पार पडला, की समुद्रकाठचं देऊळ मी एकटीने पाहिलं, रंगीत वस्तीचे जिने मी एकटीने चढले. दुपारी बाजारात परतावं, तर बाई उलट्या क्रेटवर गुलाबी मोजे घालून बसलेल्या, पुढ्यात बांगड्यांचा ढीग, आणि ती ठेंगणी बाई त्यांच्या मनगटावर बोट मारून चूक दाखवतेय. दोघी आपापल्या भाषेत अखंड बोलत होत्या. भाषांतराचा फोन मी पुढे केला, तर दोघींनीही तो हाताने बाजूला सारला. चौथ्या दिवशी त्या बाईने एका बांगड्याच्या काट्यावरून बोट फिरवलं आणि पसंतीची मान डोलावली. हॉटेलात येईपर्यंत बाई अभिमानाने फुगल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या आजाराचं निमित्त होऊन बाई गेल्या. अंत्यविधी झाल्यावर मंडळी पांगली आणि मुलगा घर आवरायला मागे राहिला. त्याने माझ्यापुढे चहाचा मग ठेवला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. मी तिला पुसानला जाऊ नको म्हणालो होतो, असं इंग्रजीत दोनदा म्हणाला. मग पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलला. इंग्लंडात वाढलेल्या त्याच्या मराठीत घर, भाजी, आई, सगळं एकाच लिंगात नांदत होतं.

"तिकडे... आई खूश होता?"

"हो दादा," मी म्हणाले. "आई खूप खूश होता."