आमच्याकडे तर होतंय

सगळ्यांचा कोड जोडून चालता प्रोग्राम बनवणं म्हणजे बिल्ड. तो अडला, की ऑफिसात वैद्यबुवांना हाक जायची. माणूस तिरसट, पण हाताला गुण.

त्या दिवशी नव्या मुलीच्या मशीनवर बिल्ड सारखा फेल होत होता. "आमच्याकडे तर होतंय," बाकीचे एका सुरात म्हणाले. बुवांनीही तिलाच फैलावर घेतलं, "काहीतरी उद्योग केले असशील."

दुपारभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. प्रोग्रामला लागणारी एक फाइल कुणीतरी प्रोजेक्टमधून केव्हाच काढून टाकली होती. जुन्या मशीनांवर तिची शिळी प्रत पडून होती, म्हणून तिथे सगळं आलबेल. मुलीचं मशीन धडधाकट होतं. आजारी बाकीची होती.

"तुझं बरोबर होतं," एवढंच पुटपुटून बुवा घरी गेले.

दार सासूबाईंनी उघडलं. त्या कालच राहायला आल्या होत्या आणि आल्या आल्या म्हणाल्या होत्या, "घरात कसला तरी कुबट वास येतोय." "आम्हाला तर येत नाही," म्हणून बुवांनी त्यांना उडवून लावलं होतं.

आज बुवांनी चपलाही न काढता विचारलं, "आई, वास नक्की कुठून येतो, दाखवता?"